बू नाहीच आणि दारकिमचं पुस्तक

पुर्वोकर्तो शहरातल्या एका विद्यापीठात ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. एसी चालू केला की बोलणं ऐकू येत नाही आणि बंद केला की पोरं पेंगतात, अशी ती खोली. तिथे बू तुर्याती शेवटच्या वर्षाच्या मुलांना शोधायला शिकवतात. प्रबंध लिहायचा तर त्या विषयावर आधी कुणी काय लिहून ठेवलंय ते धुंडाळावं लागतं. त्यासाठी कुठल्या संकेतस्थळावर जायचं, कोणते शब्द टाकायचे, समोर आलेल्या ढिगातून काय उचलायचं आणि काय फेकून द्यायचं, आणि मुख्य म्हणजे खरं कुठलं नि खोटं कुठलं, हे शिकवणं त्यांचं काम. बाई छप्पन्न वर्षांच्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, डोक्यावरचा रुमाल टाचणीने घट्ट बसवलेला, आणि जीभ त्या टाचणीपेक्षा टोकदार.

विद्यापीठभर त्यांना एक नाव पडलंय : बू नाहीच. बू म्हणजे आपलं बाई. आणि नाहीच म्हणजे नाहीच. ग्रंथालयातली बाकीची मंडळी गोड बोलतात. "बघतो हं, उद्या या," म्हणतात, आणि उद्या आलं की पुन्हा उद्या म्हणतात. बू तुर्यातींचं तसं नाही. त्या शोधतात, नीट शोधतात, दुसऱ्या वाटेने पुन्हा शोधतात, आणि एवढं करूनही मिळालं नाही तर तोंडावर सांगतात, "नाही. नाहीच." एकदा खुद्द कुलगुरूंना त्यांनी असं सांगितलं होतं. कुलगुरूंना आवडलं नाही, पण त्यांना हवं असलेलं पुस्तक खरंच जगात नव्हतं, त्याला बू तरी काय करणार?

एकोणिसाव्या वर्षी त्या इथे कार्डं टाइप करायला लागल्या. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, कपाटाचा क्रमांक. पुढे संगणक आले तेव्हा सगळ्यांनी धसका घेतला. बूंनी मात्र जेवणाच्या सुट्टीत एकटीने बसून ते यंत्र पालथं घातलं. पहिल्यांदा चार शब्द टाकून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एका माणसाने भाताच्या तुसावर लिहिलेला लेख समोर उघडला, त्या दिवशी त्या घरी चालत गेल्या. बसमध्ये बसल्या असत्या तर शेजारच्या अनोळखी बाईला सांगत सुटल्या असत्या, असं त्या अजून सांगतात. एवढा आनंद माणसाला पगाराच्या कामातून मिळतो हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अलीकडे मात्र त्या वैतागलेल्या असतात. मोबाईलमधलं एआय आल्यापासून मुलं त्यालाच विचारतात, आणि ते यंत्र मागाल ते पुरवतं. लेखाचं नाव, लेखक, वर्ष, पान क्रमांक, सगळं छान ओळीत. फक्त तो लेख कुणी लिहिलेलाच नसतो. बू त्यांना भुतं म्हणतात. "पूर्वी पोरं दुसऱ्याचं खरं चोरायची," त्या म्हणतात, "आता खोटं अगदी प्रामाणिकपणे लिहितात. चोर परवडला की हो." म्हणून वर्गात त्यांनी एक खेळ काढलाय. दहा संदर्भ द्यायचे आणि त्यातली भुतं धरायला लावायची. लेखाचं नाव बघून भागत नाही. ज्या अंकात तो आलाय असं म्हणतात तो अंक उघडायचा, ते पान उघडायचं, आणि तिथे कोण बसलंय ते डोळ्यांनी बघायचं.

मुलं "इंग्गिह, बू" म्हणतात. म्हणजे हो. पण आमच्याकडे मोठ्या माणसासमोर इंग्गिह म्हणायचं ते समजलं म्हणून नव्हे, तुमचा मान राखला म्हणून. भज्यांच्या गाडीवर हीच मुलं कुणाचं काही ऐकून घ्यायची नाहीत; वर्गात शिरली की सगळ्यांच्या माना डोलतात आणि डोक्यात काय शिरलं ते देवालाच ठाऊक. बूंना हे माहीत आहे. तरी पहिल्या बाकावरची एखादी मुलगी मन लावून मान डोलवायला लागली की त्या फसतातच.

एस्ती ही अशीच पहिल्या बाकावरची. अन्नप्रक्रिया शिकणारी, बारकी, डोंगरातल्या वातुपायुंग वाडीची. एका सोमवारी ती बूंच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात केळीच्या पानात बांधलेला माडाच्या गुळाचा पुडा, आणि चेहऱ्यावर असं हसू, की तिला उभं राहवत नव्हतं.

"बू, माझ्या बियुंगनं दिलाय. घरचा आहे."

बियुंग म्हणजे आई. बूंनी पुडा नाकाशी नेला. "लाच-बिच देतेस का काय गं मला? प्रबंधाची मुदत चुकली?"

"नाही बू. एक लेख हवाय मला. माझ्या बापाकचा." आणि तिने मोबाईल पुढे केला.

पडद्यावर एक ओळ होती. दारकिम, मग वर्ष, मग लेखाचं नाव : माडाची नीरा आंबू नये म्हणून डोंगरी कुटुंबांनी वापरलेले उपाय. मग एका कृषी नियतकालिकाचं नाव, अंक, पानं पंचेचाळीस ते बावन्न.

एस्ती भडाभडा बोलत होती. तिचा बाप दारकिम नीरा काढायचा. रोज सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचं, पोय छाटायची, बांबूची नळकांडी बदलायची. वाडीतले सगळेच पुरुष हेच करतात आणि त्यातला एखादा दर दोन-चार वर्षांनी पडतो. दारकिमही पडला. पण जिवंत होता तोवर तो एक गोष्ट सगळ्यांना सांगायचा, की एकदा विद्यापीठाची माणसं माझ्याकडे आली होती, मी बोललो ते त्यांनी लिहून घेतलं, आणि ते विद्यापीठाच्या पुस्तकात आहे. वाडीने त्याची टर उडवली. 'प्रोफेसर दारकिम आले, खुर्ची द्या रे,' असं वीस वर्षं चाललं. आता तो गेल्याचा हजारावा दिवस येतोय. त्या दिवशी जेवण, प्रार्थना, मग कबरीवर पक्का दगड. आणि आलेल्या प्रत्येकाला यासीन या कुराणातल्या अध्यायाची छोटी पुस्तिका, पहिल्या पानावर गेलेल्याचा फोटो.

"प्रबंधासाठी नीरेवर शोधत होते, बू. सहज बापाकचं नाव टाकलं, तर हे आलं! मी रडलेच. बियुंगला वाचून दाखवलं. तिनं अख्ख्या वाडीला सांगितलं. फोटोखाली ही ओळ छापायचीय. छापखानेवाला पुढच्या गुरुवारपर्यंत थांबलाय. फक्त लेख एकदा बघायला मिळाला तर..."

बूंना पहिल्याच नजरेत कळलं होतं. नीरा काढणाऱ्या, तिसरीत शाळा सोडलेल्या माणसाने नियतकालिकात एकट्याने लेख लिहिला, ही गोष्ट अशक्य नव्हे, पण ते लेखाचं नाव फार गुळगुळीत होतं. यंत्राने पोरीच्या मनातलं ओळखून तिला हवं तेच हातात ठेवलं होतं. 'नाही, नाहीच,' हे शब्द बूंच्या ओठांवर आले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं, "बघते हं. उद्या ये."

एस्ती गेल्यावर देवघेवीच्या खिडकीवरचा गुनार्सो खो खो हसला. बूंच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेला हा माणूस, कामाला बरा आणि तोंडाला त्याहून बरा. "काय बू, तब्येत बरी आहे ना? उद्या ये म्हणालात!"

"कांग गुनार, तो लेख नाहीये." कांग म्हणजे दादा.

"मग नाहीये. तुमचं काय जातं? मेलेल्या माणसाला एक ओळ मिळाली. बायको खूश, पोरगी खूश, वाडीचं तोंड बंद. यासीनच्या पुस्तिकेतला संदर्भ तपासायला कोण येणार आहे, फरिश्ते?"

त्याचं बोलणं बूंना चुकीचं वाटलं नाही, हेच तर त्यांना टोचत होतं. पण उद्या वाडीतलंच दुसरं एखादं पोर शिकायला येईल, ती ओळ टाकून बघेल, आणि मग जे हसणं दारकिमच्या हयातीत अंगणापुरतं होतं ते त्याच्या कबरीवर चढेल. आज खोटं ठेवलं तर ते या पोरीच्या आईच्या नावावर राहणार. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी गरम मेंदोआन घेतले, आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या त्या भज्यांची चवच त्यांना लागली नाही.

दुसऱ्या दिवशी एस्ती आली. बूंनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, संगणकापुढे.

"मी नाही सांगणार. तू बघ. तो अंक उघड."

एस्तीने उघडला.

"पान पंचेचाळीस."

पान पंचेचाळीसवर कोळंबी होती. किनाऱ्यावरच्या तळ्यांत कोळंबीला होणारा रोग, चौपन्नाव्या पानापर्यंत. एस्तीने आधीचा अंक उघडला, नंतरचा उघडला, त्या वर्षाचे सगळे उघडले. ती पुन्हा पहिल्यापासून उघडायला लागली तसं बूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला.

"तुम्हाला काल माहीत होतं."

"हो."

"मग काल का नाही सांगितलं?"

"जीभ रेटली नाही, न्डुक."

न्डुक म्हणजे पोरी, लेकी. ते ऐकून तर ती जास्तच पेटली. "वर्गात रोज तेच! भूत, भूत, भूत. माझ्या बापाकला पण तुम्ही भूत केलंत. वाडीतले हसायचे तेव्हा तो पण हसायचा, पण घरी आला की जेवायचा नाही. माहितेय तुम्हाला? एक ओळ होती त्याची, तीसुद्धा तुम्हाला बघवली नाही. आता बियुंगला काय सांगू? सांगा ना! की बापाक खोटारडा होता?"

आजूबाजूची पोरं वळून बघायला लागली. एस्तीने पिशवी उचलली आणि ती गेली. बू रिकाम्या खुर्चीशी उभ्या राहिल्या. मग गुनार्सोला म्हणाल्या, "यंत्र खोटं बोललं. पण त्यावरून दारकिम खोटं बोलला असं कुठे होतं? त्याला तर अजून कुणी शोधलंच नाही."

आता त्या कामाला लागल्या. दारकिम हे नाव टाकलं, शून्य. वातुपायुंग टाकलं, शून्य. पण शून्य म्हणजे काय हे बूंइतकं कुणाला कळणार? विद्यापीठातले जुने प्रबंध दहा-बारा वर्षांपूर्वी संगणकात घातले, तेव्हा पानांचे नुसते फोटो काढले. डोळ्यांना अक्षरं दिसतात, यंत्राला दिसत नाहीत. आणि वेळ वाचावा म्हणून वरून हुकूम आला होता, की फक्त मुख्य प्रकरणं घ्या, मागची परिशिष्टं सोडा. आता माणसांशी झालेली बोलणी जशीच्या तशी कुठे छापतात? परिशिष्टात. म्हणजे ज्यांनी लिहिलं ते सगळे आत आले, आणि ज्यांनी सांगितलं ते सगळे बाहेर राहिले. बूंनी तेव्हा कुरकूर केली होती. कुणी ऐकलं नव्हतं.

कागदी प्रती जुन्या इमारतीच्या गोदामात होत्या. बू रोज दुपारी वर्ग आटोपला की तोंडाला फडकं बांधून तिथे जायला लागल्या. माडाच्या गुळावर लिहिलेले प्रबंध त्यांनी वेगळे काढले. आमच्या भागात गुळावर प्रबंध लिहिणाऱ्यांना तोटा नाही, चांगला छातीइतका ढीग झाला. एस्तीच्या जन्माच्या आसपासची वर्षं धरून त्या एकेकाचा शेवट वाचायला बसल्या.

"बू, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत," गुनार्सो दारातून म्हणाला. "धुळीनं त्याआधीच निघाल."

"मग तुला माझी खुर्ची लवकर मिळेल. ये, बस, हा अर्धा ढीग तुझा."

तो पुटपुटत बसला. दुसऱ्या दिवशी न बोलावता आला, आणि येताना स्वतःसाठी स्टूल घेऊन आला. माणसांना काय वाटतं, काय खातात, किती माड, किती मुलं, पानामागून पान. नावं कुठेच नव्हती. ज्यांच्याशी बोललो त्यांची नावं द्यायची नाहीत, अशी रीत. म्हणून सगळीकडे नुसती अक्षरं. एका प्रबंधात दोन 'द' सापडले, पण एक सत्तरीचा होता आणि दुसरा अविवाहित.

छापखान्याच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, गुनार्सो वाचता वाचता हसला. मग थांबला. मग म्हणाला, "बू, हे बघा." आवाज नेहमीचा नव्हता.

बूंनी ती तीन पानं वाचली. पुन्हा वाचली. एस्तीच्या जन्माच्या आदल्या वर्षीचा प्रबंध. द, वय एकतीस, डोंगरातली वाडी, घरात पोटुशी बायको. वाडीचं नाव नाही.

"तोच आहे!" गुनार्सो म्हणाला.

"कशावरून? तुला वाटतं म्हणून? त्या यंत्रालाही वाटलंच होतं."

"मग कोण सांगणार? 'द' तर वर गेला."

बूंनी पानांच्या छायाप्रती काढल्या, घडी न घालता फाईलमध्ये ठेवल्या, आणि म्हणाल्या, "मोटरसायकल काढ."

वातुपायुंगचा रस्ता शेवटी शेवटी इतका चढतो, की बूंना दोनदा उतरून चालावं लागलं. घरामागच्या छपरात सार्विती, एस्तीची आई, भल्यामोठ्या कढईत नीरा आटवत होती. दारकिम गेल्यावर आता तिचा भाऊ माडावर चढतो. एस्ती लाकडं सारत होती. बूंना बघून ती उभी राहिली आणि तिने हात बांधले.

"आता काय आणलंत?" ती म्हणाली. "आमचं सांगून झालंय. बियुंगनं आज चार घरांत जाऊन सांगितलं, की चुकून झालं, तसं काही पुस्तक नाही म्हणून. सगळे समजूतदारपणे हसले."

सार्वितीने लेकीला डोळ्यांनी दटावलं, पाहुण्यांना नीरेचे पेले भरून दिले, आणि पुन्हा कढईकडे वळली. थांबवून चालण्यासारखं ते काम नव्हे. बूंनी फाईल उघडलीच नाही. त्या चुलीजवळ लाकडी पाटावर बसल्या.

"सार्विती, तुमचा गूळ खाल्ला मी. आमच्याकडे मिळतो त्याहून वेगळा आहे. नीरा आंबू नये म्हणून काय घालता?"

"घालायचं काय, सगळे घालतात तेच. चुना."

"नुसता चुना?"

"चुना कमी. मँगोस्टीनची साल घालते."

"ती तर पुष्कळ जण घालतात."

"कच्ची घालतात. मी आधी निखाऱ्यावर भाजते, मग कुटते. कडवट होत नाही त्यानं."

"आईनं शिकवलं?"

"छे! आई म्हणायची, साल जाळतेस, घर जाळशील. माझंच आहे ते. या वाडीत दुसरं कुणी करत नाही. आळशी आहेत मेल्या."

गुनार्सोने पेला खाली ठेवला. बूंनी एक मोठा श्वास घेतला. एस्ती त्यांच्याकडे बघत होती. तिच्या लक्षात आलं होतं, की ही बाई उगाच गप्पा मारत नाहीये.

"बू, तुम्ही हे का विचारताय?"

"कारण आधी सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. म्हणून आधी विचारलं." बूंनी फाईल उघडून पानं तिच्या हातात दिली. "विद्यापीठाचं पुस्तक आहे. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षीचं. त्यात नाव नाही, नुसतं 'द' आहे. आता मात्र माझी खात्री आहे. मोठ्यानं वाच, न्डुक. बियुंगला ऐकू दे."

एस्ती वाचायला लागली. सुरुवातीला किती माड, किती नीरा, असलेच प्रश्न होते. मग,

"वर चढताना भीती वाटत नाही का?"

"वाटते. पाऊस पडला की खोड बुळबुळीत होतं. पण रोज दोनदा चढायचं, रोज दोनदा कुठून घाबरणार?"

सार्वितीचा कढईतला हात मंदावला.

"पत्नी कामात मदत करते का?" एस्तीने वाचलं. "उत्तर, कंसात लिहिलंय, हसतो. मदत मी करतो. काम तिचं आहे. मी नुसती नीरा आणून देतो, ती कुणीही आणेल. गूळ ती करते. साल भाजून घालते, ही तिची अक्कल, कुणी शिकवलेली नाही. बाजारात माझ्या नावाचा गूळ म्हणून विकतात, ते चूक आहे. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही तरी बरोबर लिहा. माझं राहू दे, तिचं नाव लिहा. तिचं नाव..." एस्ती थांबली.

"पुढं?" सार्विती म्हणाली.

"पुढे कंस आहे, बियुंग. कंसात लिहिलंय, नाव वगळले."

वीस वर्षं तो माणूस 'पुस्तकात आहे, पुस्तकात आहे' म्हणत राहिला, वाडी त्याला प्रोफेसर म्हणून हसत राहिली, आणि पुस्तकात काय आहे हे त्याने घरात कधी सांगितलं नाही. बूंच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि त्यांनी ती पुसायचं नाटकही केलं नाही.

"अजून एक प्रश्न आहे," एस्तीने पान उलटलं. "हे तुम्ही पत्नीला सांगितलंय का? उत्तर : नाही. डोक्यावर बसेल."

सार्विती एकदम हसली. इतकी, की तिला पळी खाली ठेवावी लागली. आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

"डोक्यावर बसेन म्हणाला? मी?" ती कढईच्या पलीकडे, जणू तो तिथे उभा आहे अशी बघत बोलायला लागली. "अरे, एकदा तरी म्हणायचंस, की गूळ चांगला झालाय! परक्या माणसांना सांगितलंस आणि मला नाही? जेवायला बसलास की मेल्या मीठ कमी आहे एवढंच बोलायचास!"

एस्तीने धावत जाऊन तिला मिठी मारली. गूळ करपू नये म्हणून गुनार्सोने घाईने पळी हातात घेतली आणि जमेल तसा ढवळू लागला. बऱ्याच वेळाने एस्ती बूंकडे वळली.

"बू, मी तुम्हाला त्या दिवशी..."

"बोललीस ते बरं केलंस. इंग्गिह म्हणून गेली असतीस तर मी गोदामात कशाला गेले असते?"

"फोटोखाली हेच छापायचं," एस्ती म्हणाली. "त्याचं बोलणं. जसंच्या तसं."

"छाप. पण मला एक वेगळं विचारायचंय." बू सार्वितीसमोर सरकल्या. "त्या प्रबंधाची आमच्याकडे संगणकात नोंद आहे. तुम्ही हो म्हणालात तर माहिती देणाऱ्यांची नावं त्या नोंदीत घालता येतील. मग कुणीही, कुठूनही नाव टाकलं की पुस्तक सापडेल. तुमची इच्छा नसेल तर नाही घालणार. लोक ओळखतील, विचारायला येतील."

सार्वितीने पदरासारखं रुमालाचं टोक घेऊन तोंड पुसलं. गुनार्सोच्या हातून पळी काढून घेतली, कढईतला पाक उचलून त्याची धार बघितली.

"दोघांचं नाव बसतं?"

"बसतं."

"मग माझं आधी लिहा, बू," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलंय."